शीची जागा नसलेलं बाळ घरी येतं तेव्हा



या वेळचा विषय समजायला अवघड नाही, बोलायला अवघड आहे. काही बाळं शीच्या जागेशिवाय जन्माला येतात. बाकी सगळं ठीक दिसतं. नाक-डोळे, हात-पाय, रडणं, अंगावर पिणं, कशातच कमी नसते. फक्त जिथं शीचं भोक असायला हवं तिथं कातडी सलग असते, नाहीतर भोक असतं पण भलत्या जागी आणि बारीक. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला असं होतं. एवढा विरळा आजार आपल्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ३८ लाखांवर होती. एवढ्या लोकांत दरवर्षी अशी काही बाळं जन्मणारच, आणि त्यातली काही आपल्या गल्लीत जन्मणार. आम्ही बरीच वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली, आता वस्त्यांतून काम करतो. या दोन्ही ठिकाणी मिळून अशी अनेक बाळं आम्ही पाहिली. त्यातली बरीचशी वाचण्यासारखी होती. जी गेली, त्यातली काही ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, घरात गेली.

एका बाळाची हकिकत सांगतो. त्याच्या आईनं "लिवा, पण नाव नको" असं सांगितलंय, म्हणून नाव नाही.

वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत हेल्पर. आजी चार घरची धुणीभांडी करणारी. पहिलंच बाळंतपण, एका लहान खासगी दवाखान्यात. मंगळवारी संध्याकाळी मुलगा झाला, वजन पावणेतीन किलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. त्याच रात्री पोट फुगायला लागलं. गॅस धरला असेल म्हणून आजीनं ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. पहाटे हिरवी उलटी झाली. गुरुवारी सकाळी आम्ही बाळंतिणीला बघायला म्हणून गेलो, तर बाळ मलूल, रडण्यात जोर नाही, पोट नगाऱ्यासारखं. आम्ही विचारलं, "मावशी, शी किती वेळा झाली?"

"कुठली वं ताई. दूधच उतरंना झालंय, शी हुनार कुठनं?"

लंगोट सोडला आणि बाळाचे पाय वर धरले. भोकाच्या जागी नुसती एक खळगी होती.

जन्मून छत्तीस तासांवर होऊन गेले होते. वजन झालं होतं, हाताला चिठ्ठी बांधली होती, इंजेक्शन दिलं होतं, दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं होतं. पण पाय वर करून कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही चिडलो, हे कबूल करतो. पण एक गोष्टही कबूल करतो. रात्रपाळीला तीन बाळंतपणं आणि एकटी नर्स, अशा रात्री आम्हीही काढल्या आहेत. तेव्हा आपण काय काय पाहायचं राहून गेलो असू, याची खात्री आमच्यातली कोणती नर्स देईल?

म्हणून हे पाहणं फक्त दवाखान्यावर सोडू नका. आजी, आत्या, मावशी, जी कोणी बाळ पहिल्यांदा हातात घेईल तिनं उजेडात न्यावं, दोन्ही पाय हळूच वर उचलावेत आणि ढुंगण अलगद फाकवून पाहावं. भोक आहे का, जागेवर आहे का. बोट, काडी, तापमापी, काहीही आत घालायचं नाही, नुसतं बघायचं. मग वाट पाहायची पहिल्या शीची. ती काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते आणि बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत होते. झाली तर कुठून झाली तेही पाहा. मुलाच्या लघवीच्या डागात हिरवट रंग दिसला तर शीची नळी आतून लघवीच्या नळीला जोडलेली असते. मुलीला पुढच्या बाजूनं, लघवीच्या आणि योनीच्या जागेजवळून शी येत असेल तर तेही हेच व्यंग.

मुलींच्या बाबतीत इथं जरा थांबायला हवं. मुलीला पुढून का होईना शी होते, म्हणून पोट लगेच फुगत नाही आणि घरातलं कुणी घाबरत नाही. "होतीया न्हवं, मग कशाला डॉक्टर?" असं म्हणत वर्षं जातात. वरचं जेवण सुरू झालं की शी घट्ट होते, त्या बारीक भोकातून निघत नाही, पोरगी कुंथून कुंथून लाल होते. चार-पाच वर्षांच्या मुली आम्ही पाहिल्यात, पोट दगडासारखं आणि घरात तिला 'खडा धरणारी' असं नाव पडलेलं. मुलाला दोन दिवसांत दवाखाना मिळतो आणि मुलीला पाच वर्षांत, यात आजाराचा वाटा आहे तसा आपलाही आहे.

आता परत त्या बाळाकडे. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत तीन गोष्टी केल्या. तोंडानं देणं बंद केलं. दूध नाही, पाणी नाही, गुटी नाही, मध तर नाहीच. दुसरं, बाळाला गार पडू दिलं नाही. वडिलांचा शर्ट उघडून बाळाला त्यांच्या छातीला उघड्या अंगानं चिकटवलं, वरून गोधडी. आईच्याच छातीशी ठेवावं असं काही नाही, बापाच्या अंगालाही तेवढीच ऊब असते. तिसरं, बाळंतपणाचे सगळे कागद एका पिशवीत घातले. मान एका कुशीला ठेवली, उलटी झाली तर छातीत जाऊ नये म्हणून.

सरकारी दवाखान्यात बाळाला नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात घेतलं. नाकातून पोटात नळी, हाताला सलाईन. डॉक्टर ऑपरेशन लगेच का करत नाहीत म्हणून बाहेर बाप येरझाऱ्या घालत होता. हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून सांगतो. बाळ पहिल्याच दिवशी सापडलं तर डॉक्टर मुद्दाम साधारण २४ तास थांबतात. आतडं पुढं सरकून शी कुठं दिसते का, कातडीजवळ की लघवीत, हे तेवढ्या वेळात कळतं. मग पालथं झोपवून एक्स-रे काढतात. नळी कातडीच्या अगदी जवळ संपत असेल तर खालूनच लहान ऑपरेशन पुरतं. वर संपत असेल तर आधी पोटावर वाट काढावी लागते. शिवाय या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना आणखी एखादा दोष असतो, म्हणून अन्ननळी, हृदय, मूत्रपिंड आणि पाठीचा कणा तपासतात. नळ्या लावून बाळ नुसतं ठेवलंय असं बाहेरून वाटतं, पण आत हेच काम चाललेलं असतं. आपलं बाळ उशिरा पोचलं होतं, पोट फुगलेलं होतं, त्यामुळे थांबायला वेळ नव्हताच. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पोटाच्या डाव्या बाजूला खाली आतडं कातडीबाहेर आणून शिवलं. याला कोलोस्टॉमी म्हणतात.

सकाळी आजीनं काचेतून ते पाहिलं आणि मटकन बसली. "आतडं भाईर काढलंय वं ह्येंनी! आता कशाचं जगतंय?"

आम्ही तिला एक जुनी गोष्ट सांगितली, ती इथंही सांगतो. फ्रान्समध्ये ब्रेस्ट नावाचं बंदर आहे. तिथं १७९३ साली दुरे नावाच्या शल्यवैद्यानं अशाच एका तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर डाव्या बाजूला वाट काढली. भूल द्यायचं इथर यायला अजून पन्नास वर्षं होती, सलाईन नव्हतं, पेनिसिलिन नव्हतं. ते बाळ जगलं, मोठं झालं आणि पंचेचाळीस वर्षांचं होऊन वारलं. सगळं आयुष्य पोटावरच्या त्याच वाटेवर. आजीनं विचारलं, "लगीन झालं का त्येचं?" हे काही आम्हाला माहीत नव्हतं.

आजच्या बाळाला आयुष्यभर तसं राहावं लागत नाही. पोटावरची वाट तात्पुरती असते. साधारण तीन टप्पे धरा. पहिला, पोटावर वाट. दुसरा, दोन-तीन महिन्यांनी वजन वाढल्यावर खाली शीची जागा तयार करणं. तिसरा, ती जागा नीट भरून रुंद झाल्यावर पोटावरची वाट बंद करणं. दुसऱ्या टप्प्याचं जे ऑपरेशन आज जगभर करतात ते १९८० साली मेक्सिकोच्या डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी सुरू केलं. त्याआधी सर्जन बरंचसं अंदाजानं काम करत. पेन्यांनी मागून बरोबर मध्यरेषेवर उघडायचं ठरवलं. शी धरून ठेवणारे स्नायू विजेच्या बारीक झटक्यानं हलवून ओळखायचे आणि आतड्याची नळी त्यांच्या मधोमध बसवायची, अशी ती रीत आहे.

अकराव्या दिवशी बाळ घरी आलं. आमच्या मते खरी परीक्षा इथून सुरू झाली. दवाखान्यात सिस्टर असते, नळाला पाणी असतं, उजेड असतो. घर दहा बाय बाराचं, सकाळी दीड तास पाणी, आणि दारात बाळ बघायला आलेली गल्ली.

पहिल्या दिवशी आईनं बाळाला हात लावला नाही. दूध पाजायची, पण पोटाकडे बघायची नाही. ते लाल, ओलं आतडं पाहून तिला भीती वाटायची की हात लागला तर तुटेल. तिनं आम्हाला एकच विचारलं, "हात लावला तर दुखतंय का त्येला?" नाही दुखत. कातडीला टोचलेलं कळतं तशी जाणीव आतड्याच्या त्या आतल्या अस्तराला नसते. गालाच्या आतल्या बाजूसारखं ते दिसतं, लालसर गुलाबी आणि ओलसर. पुसताना एखादा थेंब रक्त आलं तर घाबरू नये. दोन तोंडं असतात. वरच्यातून शी येते, खालच्यातून थोडा चिकट पांढरा स्राव येतो. खालच्या तोंडातून शी येत नाही म्हणून काही बिघडलेलं नसतं.

मग आम्ही तिचा हात धरून पहिल्यांदा ते धुतलं. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, बस. साबण लावायचाच असेल तर साधा आणि नीट धुऊन काढायचा. डेटॉल, स्पिरिट, हळद, पावडर, राख काही नको. घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. दवाखान्यातून चिकटणाऱ्या पिशव्या मिळाल्या होत्या, पण एवढ्याशा पोटावर त्या टिकत नव्हत्या. कधी एका दिवसात सुटायच्या, आणि विकत घ्यायच्या म्हटलं तर परवडणाऱ्या नव्हत्या. त्यावर उपाय आपल्या बायकांना शिकवावा लागत नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ फडकी, चौकोनी घड्या. आजूबाजूच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन जाडसर लावायचं, वर घडी ठेवायची आणि सैल पट्टीनं बांधायची. शी झाली की लगेच बदलायची, कारण कातडीला जाळते ती तासन्‌तास लागून राहिलेली शी. मात्र पिशवी चिकटवायची असेल त्या दिवशी मलम लावू नका, पिशवी धरत नाही. घड्या साबणानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवायच्या. पावसाळ्यात इस्त्री फिरवायची. दिवसाला पंधरा-वीस घड्या लागायच्या. पाण्याचा हिशेब त्या घरानं कसा घातला हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. आंघोळ घालायला हरकत नाही, पोटावर तेल जोरानं चोळायचं नाही एवढंच. आणि अंगावरचं दूध आधीसारखंच सुरू. अंगावरच्या दुधाची शी पातळ पिवळी असते, ती हगवण नव्हे.

हे सगळं आई आठ दिवसांत शिकली. अडचण निराळीच होती. शेजारची एक बाई बाळ बघायला आली आणि पदर नाकाला लावून उंबऱ्यावरच थांबली. दुसरी म्हणाली, "पोटातनं हगतंय, कसलं पाप म्हनायचं." तिसरीनं गरोदरपणातल्या ग्रहणाची आठवण काढली. ग्रहणात भाजी चिरली असणार. ही घरं आपलीच, भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत. देव्हारा कधीच काढला, पण ग्रहण काही घरांत अजून मुक्कामाला आहे. यात कुणाचं पाप नाही, आईची चूक नाही. पोटात गर्भ धरल्यावर साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात, बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हे पुरतं कळलेलंही नसतं तेव्हा, ही जागा घडते. तेव्हाच ते घडणं अर्धवट राहतं. का राहतं, हे बहुतेक बाळांत सांगता येत नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात घ्यायच्याच, पण त्या पाठीच्या कण्याच्या व्यंगासाठी. हे व्यंग त्यांनी टळतंच असं नाही. सोनोग्राफीतही हे पुष्कळदा दिसत नाही. पुढच्या बाळाला पुन्हा होण्याची शक्यता कमी असते. तरी पुढच्या खेपेला डॉक्टरांना आधीच सांगावं.

पण त्या पदराचं आम्हाला लागलं. ज्या समाजाच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्या समाजातल्या बाईनं पंधरा दिवसांच्या लेकराच्या शीचा विटाळ मानावा? विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातलं, आनंदानं त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. मग भिक्खूंना बोलावून सांगितलं, की माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. नर्सिंगच्या डिप्लोमाला आम्हाला नाइटिंगेलबाई शिकवल्या. हा प्रसंग मात्र आम्हाला विहारात कळला.

त्या घरात हा तिढा बाळाच्या आत्यानं सोडवला. नामकरणाचा दिवस ठरला होता. आजी म्हणत होती, वाट बंद झाल्यावर करू, लोकं नावं ठेवतील. आत्या गडहिंग्लजहून आली. बाळाला मांडीवर घेतलं, सगळ्यांदेखत घडी बदलली, हात धुतले आणि म्हणाली, "चला, वंदना सुरू करा." त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवलं. मधेच बाळानं शी केली, आत्यानं पुन्हा घडी बदलली. त्यानंतर गल्लीतल्या दोघी-तिघी आपणहून घरची जुनी मऊ लुगडी घेऊन आल्या. पदर लावणारी बाई आली नाही, हेही लिहायला हवं.

आता पैशाचं. बाप अकरा दिवस कामावर गेला नाही, त्याचा पगार कापला गेला. आजीची चारपैकी दोन घरं सुटली. बाळंतिणीला रजा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. कारखान्यातल्या बाईपर्यंत ती रजा पोचली, नातवासाठी दवाखान्यात बसणाऱ्या मोलकरणीपर्यंत अजून नाही. उपचाराचा खर्च मात्र बराचसा टळतो, माहीत असेल तर. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला औषध, तपासणी, रक्त आणि ने-आण फुकट मिळते. ही २०११ ची जननी शिशु सुरक्षा योजना, आधी ३० दिवसांच्या बाळापर्यंत होती, नंतर एक वर्षापर्यंत वाढवली. ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात येणाऱ्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला गाठा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं, म्हणून आईबापाचं रेशनकार्ड, आधार आणि बाळाच्या जन्माची नोंद घेऊन जा. जन्मदाखला पहिल्याच आठवड्यात काढा, नंतर धावाधाव होते. योजनेचा फुकट फोन १५५३८८. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. जन्मतःच व्यंग असलेल्या मुलांना शोधून पुढच्या उपचाराला जोडून देणं हेच त्याचं काम. आशाताईला किंवा अंगणवाडीत येणाऱ्या त्या पथकाच्या डॉक्टरांना सांगा. कोल्हापुरात आधी सीपीआर गाठा. तिथून पुढं पाठवलं तर पुण्याचं ससून आहे, मुंबईत परळला वाडिया मुलांचं रुग्णालय आहे. पुढं पाठवलं म्हणजे आशा सोडली, असा अर्थ काढू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या मधल्या महिन्यांत बाळं हातातून निसटतात. बाळ पितंय, हसतंय, मग तारीख पुढं ढकलली जाते. कुठं गावची जत्रा, कुठं पैसे नाहीत. आपल्या बाळाच्या घरी आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं तारखा लिहिल्या. दर महिन्याला वजन केलं, लसी वेळेवर दिल्या. पोटावर वाट आहे म्हणून लस टाळायची नसते. दोन वेळा धावपळही झाली. एकदा ताप आला, सर्दी-खोकला काहीच नव्हतं. अशा बाळाला उगाच ताप आला तर लघवी तपासून घ्यायची, कारण आतडं आणि लघवीची नळी जोडलेली असेल तर जंतू तिकडं जातात. तेच निघालं. दुसऱ्यांदा रडता रडता आतडं चांगलं बोटभर बाहेर आलं. रंग लाल होता, शी चालू होती. ओल्या स्वच्छ फडक्यानं झाकून दवाखान्यात नेलं, तिथं आत बसवलं.

रंग निळा-काळा दिसला तर मात्र तास-दोन तासही थांबू नका. शी आणि वारा बंद होऊन पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, रक्त थांबत नसेल, किंवा पाण्यासारखी शी होऊन टाळू खोल गेली आणि लघवी कमी झाली, तर रात्र असो की पहाट, १०८.

दुसऱ्या ऑपरेशनआधी खालच्या तोंडातून औषध सोडून एक खास एक्स-रे काढतात. आतली नळी कुठं जोडली आहे ते त्यावर दिसतं. त्याची फिल्म जपून ठेवा, दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. या बाळाचं ऑपरेशन साडेतीन महिन्यांचं असताना झालं. पाच दिवसांत घरी. आणि पंधरा दिवसांनी सुरू झालं ते सगळ्यात कठीण काम. नव्या जागेत रोज दोन वेळा धातूची गुळगुळीत गोल कांडी, डायलेटर, घालायची. आधी बारीक, मग डॉक्टर सांगतील तशी जाड. कान टोचल्यावर काडी घातली नाही तर भोक बुजतं ना, तसंच हे. बाळ रडतं, आई रडते, आणि चार दिवस खाडा केला की जागा आवळते. आम्ही पाहिलंय, दोन ऑपरेशनं उत्तम झालेल्या बाळाची जागा या एका कंटाळ्यानं बुजली आणि परत चाकूखाली जावं लागलं. पहिल्यांदा दवाखान्यात सिस्टरसमोर करून शिका. कांडीला भरपूर जेली किंवा व्हॅसलीन, पाय पोटाशी धरून, घाई न करता. या घरात हे काम बापानं घेतलं. पाळी सुटून आला की हात धुवायचा, बाळाला मांडीवर घ्यायचा आणि भीमगीत गुणगुणत करायचा. फाउंड्रीतले घट्टे पडलेले हात. पण त्याच्या हातून बाळ कमी रडायचं, असं आईच सांगते.

सातव्या महिन्यात पोटावरची वाट बंद केली. त्यानंतर पहिले काही आठवडे दिवसाला दहा-बारा वेळा शी, आणि ढुंगण सोलवटून लाल. तिथली कातडी आजवर शीला कधी लागलेलीच नसते. दर वेळी धुणं, टिपणं आणि मलमाचा जाड थर, दुसरा उपाय नाही. हळूहळू वेळा कमी होतात.

सगळंच छान होतं असं आम्ही सांगणार नाही. यातल्या पुष्कळ मुलांना पुढं मलावरोध होतो. शी कळून रोखता येणं हे नळी किती वर संपली होती आणि माकडहाड किती घडलं आहे यावर असतं. काही मुलं चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत स्वतः जातात, काहींना रोज औषध किंवा एनिमा लागतो. एनिमा लागणारं मूलही शाळेत जातं, खेळतं. चड्डी खराब झाली म्हणून मारू नका, कोंडू नका, ते त्याच्या हातात नसतं. शाळेतल्या बाईंना खासगीत सांगून ठेवा आणि दप्तरात जादा चड्डी द्या. केळ, पपई, भाजी, पाणी द्या आणि जेवल्यावर दहा मिनिटं बसवायची सवय लावा. तीन दिवस शी झाली नाही तर वाट न पाहता दवाखाना.

तो मुलगा आता चार वर्षांचा आहे. अंगणवाडीत जातो, दंगा करतो. पोटावर डाव्या बाजूला एक आडवा वण आहे. अजून अधूनमधून खडा धरतो आणि तेव्हा त्याच्या बापाला सुट्टी काढावी लागते. गेल्या महिन्यात सीपीआरमधून आम्हाला दुसऱ्या एका वस्तीतलं जोडपं भेटलं. बाळ नऊ दिवसांचं, पोटावर ताजी वाट. त्यांना घेऊन या घरी गेलो. आईनं ट्रंकेतून घड्यांचं गाठोडं काढलं, धुऊन ठेवलेलं. मुलानं आपला सदरा वर करून वण दाखवला. नवीन बाळंतीण बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, "हात लावला तर दुखतंय का त्येला?"